होडीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, सगळे सोलापूरचे. थंडीत उजनीवर पक्षी बघायला जातो, बाकीच्या वेळी नुसतं होडीत बसायला. माझ्या घरी माळ्यावर अकरा लाइफ जॅकेटं पडलेली असतात हे आता ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळं ट्रिप ठरली की फोन येतो आणि तेच तेच प्रश्न. परवा एकाच दिवशी तिघांना "ट्यूब चालेल का" याचं उत्तर दिल्यावर म्हटलं एकदाच लिहून काढू, पुढच्याला लिंक पाठवून मोकळं होता येईल.

सोलापूरला कुठं आलाय समुद्र? आपल्याला हे कशाला पाहिजे?

हा पहिला प्रश्न, आणि हसत हसत विचारतात. नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत बसणारं गाव आपलं, त्यामुळं पाण्यात बुडायची भीती आपल्याला खरी वाटतच नाही.

पण जरा बघा की. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात. १९८० साली पूर्ण झालं, पूर्ण भरलं की ११७ टीएमसी पाणी. बॅकवॉटर करमाळ्याकडून पसरत पार इंदापूर, दौंडपर्यंत गेलेलं. मधे उघडं पाणी इतकं रुंद की वाऱ्याला अडवायला काही नाही. वारा पाण्यावरनं जितका लांब पळतो तितकी लाट मोठी होते, याला समुद्रच लागतो असं नाही, लांब आणि उघडं पाणी लागतं, ते आपल्याकडं आहे.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात पलटी झाली. सहा माणसं गेली, त्यात लहान मुलंपण होती. एक जण पोहत काठाला आला. ती माणसं मजा करायला गेलेली नव्हती, रस्त्यानं लांबचा वळसा पडतो म्हणून रोज लोक जातात तसे जात होते. तारीख बघा, मे महिना. वळवाचा महिना. दुपारपर्यंत पानसुद्धा हलत नाही आणि चार-पाच वाजता पश्चिमेकडनं काळं भरून येतं, पहिल्यांदा वावटळ, मग पाऊस. शेतात असलो तर आपण गोठ्यात पळतो, होडीत पळणार कुठं.

मला पोहायला येतं. लहानपणापासून विहिरीत मुटके मारलेत. तरी घालायचं?

हो, तरीपण. विहीर म्हणजे काय, चार हात मारले की कडा. पायऱ्या असतात, मोटर असते, वर उभी चार पोरं असतात. उजनीच्या मधोमध समोरचा काठ "हे काय इथंच" असा वाटतो, पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो आणि तो कमीच वाटतो. शिवाय विहिरीत आपण चड्डीवर उतरतो, होडीत जीन्स आणि बूट घालून, खिशात मोबाइल, गळ्यात कॅमेरा. जीन्समध्ये पोहून बघा एकदा, काठाजवळ, कुणाला तरी उभं करून. मी बघितलंय, पंधरा-वीस हातात दम निघतो.

आणखी एक गोष्ट पोहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपण ठरवून सूर मारतो तेव्हा आधी श्वास घेऊन ठेवतो. होडी पलटी होते तेव्हा माणूस बोलत असतो, हसत असतो, शेंगा खात असतो. अचानक पाण्यात गेलं की आपोआप दचकून श्वास आत ओढला जातो आणि तो नेमका पाण्याखाली ओढला गेला तर पोहणं आठवायच्या आधीच नाकातोंडात पाणी. होडीची फळी डोक्यात बसली तर विषयच संपला, बेशुद्ध माणसाला कुठलं पोहणं येतं.

अमेरिकेत तिथलं कोस्ट गार्ड दरवर्षी छोट्या बोटींच्या अपघातांचा हिशोब काढतं. २०२२ च्या हिशोबात बुडून गेलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. आता हे सगळे न पोहता येणारे असतील असं म्हणायला माझं मन घेत नाही.

आणि लाज कसली? आपल्याकडं पोरगं पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे, त्याच्या आधीच्या पिढीला वाळलेला भोपळा. माझे आजोबा भोपळ्यावर शिकलेत. लाइफ जॅकेट म्हणजे तो भोपळाच आहे, फक्त शिवून, पट्टे लावून, शिट्टी अडकवून दिलेला.

जॅकेट होडीत असतंय की. वेळ आली की घालू, आत्ताच कशाला आवळून बसायचं?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो, बाकीचं नाही वाचलं तरी एवढं वाचा.

चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही एका होडीत बसलो होतो. होडी कुणाची, कुठली ते सोडा. जॅकेटं होती, अगदी नवी, केशरी, फळीखाली एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं. कुणी तपासायला आलं तर दाखवायला. मधोमध गेल्यावर वारा सुटला, होडी डुलायला लागली, पाणी आत उडायला लागलं तसा एक जण म्हणाला जॅकेटं काढा. सुतळीची गाठ ओली, सुटेना. दातानं तोडली. पिशवी ओढायला दोघं वाकले तशी होडी त्या बाजूला कलली आणि बाकीचे सगळे ओरडत दुसऱ्या बाजूला सरकले, म्हणजे जॅकेट काढायच्या नादातच होडी पलटी व्हायची वेळ आली होती. शेवटी नावाडी मामांनी सगळ्यांना शिव्या घालून तळाला बसवलं आणि तोंड वाऱ्याकडं धरून हळूहळू काठाला आणलं. जॅकेट एकाच्याही अंगात गेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही एक उद्योग केला. मित्राच्या विहिरीत उतरलो, जॅकेट पाण्यात टाकलं आणि पाण्यातच अंगात घालून बघितलं. पोहता येणारी तीन माणसं, पाणी संथ, भरदुपार, घाई काही नाही. पहिल्याला जमलंच नाही, कारण जॅकेट वर तरंगतं आणि आपण खाली, एक हात घातला की ते फिरून पाठीमागं जातं. दुसऱ्यानं घातलं पण बक्कल लागेना, दोन्ही हात बक्कलीला गुंतले की पायांवरच तरंगायला लागतं. तिसरा मी, मला जमलं, पण किती वेळ गेला ते विचारू नका, वर बसलेल्यांचं हसू थांबत नव्हतं. रात्र, लाटा, घाबरलेली बायकापोरं, कुणीतरी तुमच्या मानेला धरलेलं, या सगळ्यात ते जमेल?

गाडीतल्या सीटबेल्टचं तसंच आहे, धडक बसताना बेल्ट लावतो म्हणणारा मी तरी बघितलेला नाही. होडीतलं जॅकेट म्हणजे सामान, अंगातलं आणि बक्कल लावलेलं ते जॅकेट. आणि घालायचं ते काठावरच, होडीत पाय ठेवायच्या आधी, कारण चढता-उतरतानाच पाय जास्त घसरतात.

मी ९० किलोचा. हे एवढंसं जॅकेट मला कसं उचलणार?

उचलायचं नाहीच ते. माणसाचं शरीर जवळपास पाण्याएवढंच जड असतं. छातीत हवा भरून घेतली की बरेच लोक जेमतेम तरंगतात, श्वास सोडला की हळूहळू खाली. म्हणजे ९० किलोचा माणूस पाण्यात ९० किलोचा नसतो, काही किलोचाच भरतो. पाण्याच्या वर धरायचं असतं ते फक्त डोकं, आणि डोकं चार-पाच किलोचं. मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोचा जास्तीचा आधार मिळाला की तोंड वर राहतं.

गोव्याच्या समुद्रात मस्त तरंगून आलेले लोक असतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड असतं, ९० किलोच्या माणसाला तिथं दोनेक किलोचा आधार फुकट मिळतो. उजनीचं पाणी गोडं. तिथला अंदाज इथं लावू नका.

लेबलवर ५० एन, १०० एन असं लिहिलेलं असतं, ते काय?

एन म्हणजे न्यूटन. सोपा हिशोब, १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा आधार. तर ५० एनचं पाच किलो, १०० एनचं दहा किलो. आयएसओ १२४०२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात मोठ्या माणसासाठी ५०, १००, १५० आणि २७५ अशा पायऱ्या आहेत.

५० एनवाल्याला खरं तर जॅकेट म्हणूच नये, ती पोहणाऱ्याला मदत. कयाक चालवणारे तेच घालतात कारण हात मोकळे राहतात, पण बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. उजनीवर होडीत नुसतं बसून जाणाऱ्यांसाठी, विशेषतः पोहता न येणाऱ्यांसाठी, १०० एनचं आणि मानेमागं कॉलर असलेलं घ्या. कॉलरचं काम म्हणजे तोंड आकाशाकडं ठेवणं, मान टेकायला उशी म्हणून नाही. १५० आणि वरची खोल समुद्रावाल्यांची, आपल्याला त्याची गरज नाही.

रंग केशरी नाहीतर भडक पिवळा. काळं, निळं, मिलिटरी डिझाइनचं फोटोत भारी दिसतं आणि पाण्यात दिसतच नाही. खांद्यावर चमकणारी पट्टी असली तर रात्री बॅटरीच्या उजेडात लगेच सापडतो माणूस. शिट्टी असतेच, ती पोरांनी काढून घेतलेली नाही ना एवढं बघा, आमच्या अकरापैकी चार शिट्ट्या अशाच गेल्या.

ट्रकची ट्यूब, थर्माकोल, रिकामा कॅन, दंडाला बांधायचे हवेचे फुगे, यातलं काय चालेल?

अंगाला बांधलेलं नसेल ते हातातनं सुटतं. एवढ्यात उत्तर आलं. ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मच्छीमार बघून लोकांना वाटतं आपणपण बसू, पण त्यांचा जन्म त्या पाण्यात गेलाय आणि त्यांच्यातलेही बुडतात. ट्यूबमधनं माणूस खालनं सटकतो, लहान पोरगं तर उलटं होऊन पाय वर डोकं खाली असंपण अडकतं. दंडाचे फुगे हे स्विमिंग पूलमधलं खेळणं आहे, त्याच्यावरच लिहिलेलं असतं की जीव वाचवायला वापरू नका म्हणून.

हां, कुणी बुडत असेल तर मात्र रिकामा कॅन, ट्यूब, घागर, हाताला येईल ते त्याच्याकडं फेका. स्वतः उडी मारू नका. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, हे आपल्याकडं तळ्यात, कॅनॉलला दरवर्षी होतंय. ओढणी, साडी, दोर, काठी, काहीतरी लांबवा.

बरोबर बसलंय हे कसं कळणार?

सगळ्या बक्कली लावा, पट्टे ओढा, मग दुसऱ्याला म्हणा खांद्याला धरून वर ओढ. जॅकेट हनुवटीच्या वर किंवा कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. पाण्यात ते तसंच वर सरकतं, तोंड जॅकेटच्या आत आणि माणूस खाली. मापापेक्षा मोठं जॅकेट म्हणजे जास्त सुरक्षा असं अजिबात नाही.

आणखी एक खोड बघितलीय, वरची एकच बक्कल लावायची आणि खालच्या दोन लोंबत सोडायच्या, पोट मधे येतंय म्हणून. खालची महत्त्वाची आहे हो, तीच जॅकेटला वर सरकू देत नाही. पोट येत असेल तर मोठ्या मापाचं घ्या, लाजायचं काय त्यात, सोलापूरची माणसं आहोत, जेवणारच.

लहान मुलांना मोठ्यांचं चालतं का? आणि मांडीवरच्या बाळाला?

नाही चालत. मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं, लेबलवर किती किलो ते किती किलो लिहिलेलं असतं. "दोन वर्षं चालेल" म्हणून शाळेच्या युनिफॉर्मसारखं वाढत्या मापाचं घेऊ नका, पोरगं हात वर करून अलगद खालनं निसटतं. छोट्यांच्या जॅकेटला दोन पायांमधनं जाणारा पट्टा असतो, तो लावलाच पाहिजे. पोरं कुरकुर करतात, करू देत. मुलांचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, त्यामुळं पाण्यात ती सहज पालथी होतात, म्हणून कॉलरवालंच.

मांडीवरच्या तान्ह्या बाळाला होडीत नेऊच नका असं माझं मत आहे, मग कुणी रागावलं तरी चालेल. आईनं जॅकेट घातलं आणि बाळ हातात, तर होडी उलटल्यावर पहिल्यांदा हातातलंच सुटतं. बाळाला आईच्या पोटाशी ओढणीनं बांधायचं तर त्याहून नको, आई तरंगेल आणि बाळाचं तोंड पाण्यात असेल.

शाळेच्या सहलीवाल्यांनी तर कान देऊन ऐका. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबलेली, आणि जॅकेटं सगळ्यांना नव्हती. तो समुद्र नव्हता, नदी नव्हती, शहरातलं तळं होतं, आपल्या संभाजी तलावासारखं.

आई-काकू साडीवर येणार आहेत, नऊवारीवाली आजीपण आहे. मग?

साडीवरनं जॅकेट येतं, काही अडत नाही. फक्त पदर जॅकेटच्या आत घ्या आणि टोक कमरेला खोचा, बाहेर फडफडता पदर इंजिनात किंवा वल्ह्यात अडकू शकतो आणि पाण्यात तोंडावर येतो. आमच्या आईनं पहिल्या वेळी "हे काय गाढवावर खोगीर" असं म्हणून नाक मुरडलं होतं, आता स्वतःहून मागते आणि शेजारणीच्या बक्कलीपण तपासते. मोठ्या माणसांना सांगताना त्यांच्या जिवाची भीती घालू नका, "आजी, तुम्ही घातलं तर नातवंडं घालतील" एवढं म्हणा, लगेच तयार होतात.

उन्हाळ्यात केवढं उकडतं त्यात. ४२ डिग्रीत कोण घालणार?

खरं आहे, उकडतं. त्याला माझ्याकडं एकच उपाय आहे, उन्हाळ्यात भरदुपारी जाऊच नका. सकाळी सहा-सातला जा, पाणी काचेसारखं असतं, वारा नसतो, आणि नऊ-साडेनवाला काठावर येऊन भाकरी खा. दुपारनंतर मे महिन्यात तसंही जायचं नाही, वळवाचं वर सांगितलंच. आत सुती बनियन घाला, जॅकेट आधी पाण्यात बुडवून पिळून घातलं तर गारपण लागतं. उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ, कुगावचा जुना वाडा पाण्यातनं वर येतो म्हणून गर्दी होते, पण त्याच वेळेला पाण्याखाली जुन्या भिंती, झाडांची खोडं, विहिरींचे काठ वरच्या अंगाला आलेले असतात. होडी त्याला अडकूनही कलंडते.

होडीवाल्याकडं जॅकेटं नसली किंवा कमी असली तर?

तर बसायचं नाही. माणसं आठ आणि जॅकेटं पाच असली तर पाचच बसा, तिघं दुसऱ्या फेरीला. नावाडी मामांवर डाफरू नका, त्यांचं पोट त्यावर आहे आणि बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईकच जॅकेट घालत नाही म्हणून ते आणायचं बंद करतात. "मामा, थोडे पैसे जास्त घ्या पण जॅकेट द्या" असं चार गिऱ्हाइकं म्हणाली की पुढच्या वेळेला दिसतात, आमच्या एका मामांनी खरंच आणली.

मुंबईत गेटवेजवळ १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, त्यानंतर तिथल्या बोटींवर जॅकेट घातल्याशिवाय सोडायचं नाही असं सुरू झालं. माणसं गेल्यावर नियम आठवतात, आपल्याकडं सगळीकडंच हे असं. आणि देशात अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ चा आहे, त्यात आतल्या पाण्यावरच्या यांत्रिक बोटींची नोंदणी, सुरक्षा हे सगळं आलेलं आहे. पण कायदा तुमची बक्कल लावायला येणार नाही.

पंढरपूरला चंद्रभागेत दहा मिनिटांची फेरी असते, तिथंपण?

तिथं तर जास्त. वाळवंटातनं होडीत बसून विष्णुपदाला जाणारे भाविक बघा, निम्म्यांना पोहता येत नाही, हातात पिशवी, डोक्यावर तुळस. वरनं नदी शांत दिसते पण वाळू उपशानं तळाला खड्डे पडलेत, गुडघाभर पाण्यातनं एकदम डोक्याएवढ्या पाण्यात पाय जातो. आणि चंद्रभागेचं पाणी फक्त इथल्या पावसावर नसतं. उजनीतनं सोडलेलं भीमेनं येतं, वीर धरणातनं सोडलेलं नीरेतनं नरसिंहपूरला भीमेला मिळतं, म्हणजे पंढरपुरात कडक ऊन असताना नदी चढू शकते. विसर्ग वाढवलाय अशी बातमी असली तर त्या दिवशी लांबनंच हात जोडा, पांडुरंग समजून घेतो.

होडी पलटी झालीच तर करायचं काय?

जॅकेट अंगात आहे असं धरून सांगतो. पहिल्यांदा श्वास जागेवर येऊ द्या, हातपाय आपटू नका, मान मागं टाकून उताणे राहा. मग होडीकडं जा. होडी उलटली तरी लाकडाची, फायबरची होडी बऱ्याचदा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्याला डोकं दिसत नाही पण होडी दिसते. काठ जवळ वाटला तरी पोहत निघू नका, एक-एकटे पांगलेले लोक सापडत नाहीत. सगळे जवळ या, पोरांना मधे घ्या, एकमेकांच्या जॅकेटला धरा, शिट्टी वाजवा. ओरडून घसा जातो, शिट्टीला फुंकर पुरते.

उलट्या होडीच्या खाली अडकलात तर जॅकेट तुम्हाला वर, होडीच्या तळाला दाबून धरतं, तेव्हा घाबरून जॅकेट काढायचं नाही. तिथं बऱ्याचदा हवेची पोकळी असते. काठाच्या फळीला दोन्ही हातांनी धरा, स्वतःला खाली ढकला आणि बाजूनं बाहेर या. आम्ही हे काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम करून बघितलं, पहिल्यांदा भीती वाटते, दुसऱ्यांदा जमतं.

जाळी आणि जलपर्णी असेल तिथं पाय जास्त हलवू नका, गुंता वाढतो.

आपोआप फुगणारी पट्ट्यासारखी जॅकेटं मिळतात, ती घेऊ का?

छान असतात, हलकी असतात, उकडत नाही. आत गॅसची छोटी नळकांडी असते, दोरी ओढली किंवा पाणी लागलं की फुगतं. पण नळकांडी एकदा वापरली की बदलावी लागते, वेळच्या वेळी तपासावी लागते, आणि आपल्या माणसांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, घरातला गॅसचा पाइपपण आपण तारीख बघून बदलत नाही. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना तर फोमचंच. त्यात बिघडायला काही नाही.

जुनं झालं हे कसं ओळखायचं? धुवायचं कसं?

फोमचं जॅकेट दाबून बघा, दाबल्यावर परत फुगून आलं पाहिजे. कडक झालं असेल, आत चुरा लागत असेल, कापड नखानं फाटत असेल तर गेलं. सगळ्यात मोठा शत्रू ऊन, त्यात आपलं सोलापूरचं, गच्चीवर दोन उन्हाळे टाकलं की केशरीचं पांढरं होतं. दुसरा शत्रू माणसाचं बूड. होडीत फळी टोचते म्हणून लोक जॅकेट काढून त्याच्यावर बसतात, फोम दबून चपटा होतो आणि आधार कमी होतो. बसायला सोलापुरी चादर घेऊन जा की, तिची काय कमी आहे आपल्याकडं.

खात्री करायची असेल तर आमची गावठी परीक्षा सांगतो. भुसार दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप असतं ना, तशी दोन घ्या. लोखंड पाण्यात आठव्या हिश्श्यानं हलकं होतं, म्हणजे एक माप पाण्यात साधारण ४.४ किलोचं. जॅकेटला एक माप घट्ट बांधून हौदात सोडा. ५० एनच्या जॅकेटनं ते सहज तरंगत ठेवलं पाहिजे. १०० एनचं असेल तर दोन्ही मापं बांधा, ८.७-८.८ किलो होतात, तरी वर राहायला पाहिजे. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी हौदाच्या तळाला सापडलं तर त्याला बुजगावण्याच्या अंगात घाला, पुढं वापरू नका. दोरी मात्र मापाला आधी बांधून ठेवा, आमचं एक माप अजून मित्राच्या विहिरीत आहे.

धुवायला साधं पाणी, सावलीत टांगून वाळवायचं. वॉशिंग मशीन नको, इस्त्री तर नकोच. विचारलं होतं एकानं, खरंच.

थोडी बिअर घेऊन होडीत बसलं तर?

नाही. तोल जातो, अंदाज जातो, आणि होडीत लघवीला उभं राहण्याचं सुचतं, आणि तिथंच तोल जाऊन पाण्यात पडायचं. काठावर बसून काय ते करा, होडीतनं परत आल्यावर.

फोटो काढताना दोन मिनिटं काढलं तर चालेल का?

फोटोला माणूस कडेला उभा राहतो, म्हणजे ज्या दोन मिनिटांत पडायची शक्यता सगळ्यात जास्त तीच दोन मिनिटं. जॅकेटसकट काढा, केशरी रंग पाण्यावर उठून दिसतो. आणि रोहित पक्ष्यांचा थवा उडाला की सगळ्यांनी एकाच बाजूला धावायचं नाही, जागेवर बसून बघा, आकाशात आहेत ते, दोन्हीकडनं दिसतात.

विकत कितीला पडतं? तुमच्याकडची उसनी मिळतील का?

साधं फोमचं चांगलं हजार-दीड हजाराच्या आसपास मिळून जातं, लेबल नसलेलं स्वस्त आणू नका, त्यात कधीकधी पॅकिंगचा फोम भरलेला असतो.

उसनी मिळतील. मोठ्यांची आठ, पोरांची तीन. न्यायला येताना किती जण आणि पोरांची वजनं किती ते सांगा, अंदाजे नको, काट्यावर उभं करून. परत आणताना वाळवून आणा, मागच्या वेळेला एकानं ओली कोंबून दिली, पंधरा दिवस माळ्यावर मासळी बाजार होता. आणि शिट्ट्या मोजून घेणार आहे.